धड कोणाचे, शिर कोणाचे?

वेताळ पंचविशीतली ती गोष्ट लहानपणी कानावर आलेली नाही, असा मराठी माणूस विरळा. देवीच्या देवळात एका बाईचा नवरा आणि भाऊ दोघेही आपापली शिरे कापून ठेवतात. देवी प्रसन्न होते, बाईला म्हणते, शिरे धडांना लाव, मी प्राण घालते. आणि ती बिचारी घाईगर्दीत नवऱ्याचे शिर भावाच्या धडावर व भावाचे नवऱ्याच्या धडावर बसवते. वेताळ विक्रमाला विचारतो, राजा, आता तिचा नवरा कोणता? विक्रम शिराच्या बाजूने निकाल देतो, आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो.

हा प्रश्न कालांतराने ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्यापुढे येऊन उभा राहिला, हे सांगितले तर वाचक हसतील. पण तो आला. जुन्या छोट्या मोटारीचे बॉनेट उघडून मूळ इंजिन काढायचे, त्या जागी दुसऱ्याच मोटारीचे दांडगे इंजिन बसवायचे, ते मावत नाही म्हणून अंगाचा पत्रा कापायचा, असा एक छंद तिकडे गेली कित्येक दशके बोकाळला आहे. मग अशी गाडी जुनी की नवी? तिचा जुना नंबर तिच्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा? खात्याने बरीच वर्षे यासाठी गुणांची पद्धत चालवली. एकूण चौदा गुण, उत्तीर्ण व्हायला आठ. स्टिअरिंगला दोन, सस्पेन्शनला दोन, अ‍ॅक्सलना दोन, गिअरबॉक्सला दोन. इंजिनाला किती? फक्त एक! आणि न कापलेल्या मूळ सांगाड्याला पाच. आपण सारे ज्याला मोटारीचे काळीज म्हणतो, त्याची त्या दप्तरात ही किंमत. विक्रमाने शिर श्रेष्ठ ठरवले, इंग्रज कारकुनाने धड श्रेष्ठ ठरवले. माझे मत विचाराल तर मी कारकुनाच्या बाजूचा आहे.

का, ते सांगतो. फार जुन्या मोटारींना खाली लोखंडी तुळयांची चौकट असे, तिलाच चासिस म्हणत. इंजिन, चाके, सारे तिला जोडलेले. वरची खोली म्हणजे बैलगाडीवर ठेवलेल्या छपरासारखी, काढली तरी गाडी चालेल. पुढे वजन आणि खर्च वाचवण्यासाठी ही चौकटच काढून टाकण्याची रीत आली. पत्रा वाकवून, दुमडून, हजारो ठिपक्यांनी स्पॉट वेल्डिंग करून अशी पेटी बनवायची की तीच चौकट आणि तीच खोली. वर्गात हे समजावताना मी बुटांचे खोके नेतो. झाकण चिकटवलेले खोके दोन हातांनी पिळून पाहा, ते दाद देत नाही. झाकण काढा, लगेच मुरगळते. एका बाजूला कात्रीने खाच द्या, मग तर पहिलीतले पोरही ते पिळून दाखवील. छोट्या मोटारीच्या अंगात असा एकही पत्रा नसतो, जो नुसता शोभेला आहे असे डोळे मिटून म्हणता येईल.

आता गंमत अशी, की या कापाकापीतला सर्वांत गाजलेला काप कुणा छांदिष्टाने घरामागच्या शेडमध्ये घेतलेला नाही. तो खुद्द कारखान्यात, गाडी बाजारात येण्याआधीच पडला.

अलेक इसिगोनिस हा त्या कथेचा नायक. जन्म 1906 चा, स्मर्ना येथला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन घराण्यातली. 1922 च्या युद्धधामधुमीत कुटुंब जहाजाने माल्टाला निघाले, वडील तिथेच वारले, आणि मायलेक इंग्लंडला पोचले. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये हे चिरंजीव गणितात तीनदा नापास झाले. (माझ्या वर्गातल्या मुलांना हे मी मुद्दाम सांगत नाही.) पण हातात पेन्सिल आली की हा गृहस्थ जादूगार. 1936 मध्ये तो मॉरिस कंपनीत शिरला, आणि महायुद्ध चालू असतानाच त्याने सामान्य माणसासाठी एका छोट्या मोटारीची आखणी सुरू केली. तिचे टोपणनाव मॉस्किटो, डास. हीच पुढची मॉरिस मायनर.

1947 साल सरत आले. नमुना तयार होता, कारखान्यात साचे आणि हत्यारे यांची तयारी चालू होती, आणि इसिगोनिसला गाडी पाहून चैन पडेना. काहीतरी चुकले होते. गाडी अंगाने निमुळती, उपाशी दिसत होती. रुंदी सत्तावन्न इंच. शेवटी त्याने कामगारांना नमुना नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध उभा कापायला लावला. दोन्ही अर्धी अंगे जमिनीवर एकमेकांपासून सरकवीत नेली, आणि नजरेला बरे वाटले तिथे थांबवली. फट मोजली, ती भरली चार इंच. बस्स, गाडी एकसष्ट इंच रुंद ठरली! गणितात तीनदा नापास झालेल्या माणसाने डोळ्याने मोजलेले हे चार इंच पुढे सोळा लाखांच्या घरात गाड्यांनी अंगावर वागवले.

पण डोळ्याला पटले म्हणून पत्र्याचे काम सुटत नाही. त्या चार इंचांचा हिशेब प्रत्येक भागाला चुकवावा लागला. बॉनेटच्या मधोमध एक सपाट, किंचित उचललेली पट्टी आली. खालच्या फरशीत, मधल्या टनेलच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांच्या पट्ट्या घातल्या. बंपर तर आधीच्या मापाने घडवून तयार होते. ते मधोमध कापून मध्ये जोड बसवले, आणि सुरुवातीच्या गाड्या तशाच ठिगळ लावलेल्या बंपरनिशी गिऱ्हाइकांकडे गेल्या. ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर उभी राहिली. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड तिला पोच केलेल्या अंड्याची उपमा देत. त्याच अंड्याच्या दहा लाख प्रती खपल्या, आणि हा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

इंजिनाची कथा त्याहून मासलेवाईक. इसिगोनिसने मायनरसाठी आडवे पसरलेले, दोन्ही बाजूंना दोन-दोन सिलिंडर असलेले चपटे इंजिन योजले होते, आणि त्या बेताने बॉनेटखालची जागा रुंद ठेवली. ते इंजिन बारगळले. त्याऐवजी मॉरिस एटचे जुने 918 सीसीचे इंजिन बसवले गेले. 1952 मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या दोन हाडवैरी कंपन्यांचे लग्न लागले, आणि त्याच साली ऑस्टिनचे 803 सीसीचे इंजिन मायनरच्या पोटात आले. 1956 मध्ये 948, 1962 मध्ये 1098. म्हणजे पाहा, ही गाडी जन्मभर दुसऱ्यांसाठी घडलेल्या इंजिनांवर चालली. ज्याच्यासाठी ओटी मोकळी ठेवली, तो पाहुणा कधी आलाच नाही.

त्या रिकाम्या ओटीनेच पुढच्या पिढ्यांना मोह घातला. फियाट, फोर्ड, टोयोटा, कुणाकुणाची इंजिने हौशी लोकांनी मायनरमध्ये बसवली. इंजिन मावते हो, अडते ते खाली. नव्या इंजिनाबरोबर पाच गिअरचा लांब गिअरबॉक्स येतो, आणि त्याच्यासाठी टनेल कापावे लागते. मायनरच्या पुढच्या चाकांना कमानपाट्यांऐवजी पीळ खाणाऱ्या लांब पोलादी कांबी आहेत. त्यांची मागची टोके फरशीखालून आडव्या जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळईत रोवलेली असतात. गाडीच्या पुढच्या अंगाचा भार या कांबी पीळ खाऊन पेलतात, आणि तो पीळ अखेर त्या तुळईवर येतो. हे न पाहता तिथे ग्राइंडर चालवणारा माणूस घराचा खांब खिडकी समजून फोडतो.

मायनरनंतर इसिगोनिसने जे केले त्याने तर कापणाऱ्यांची परीक्षाच घेतली. 1956 मध्ये सुएझचे संकट आले, इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग झाले, आणि जेमतेम दहा फूट लांबीत चार माणसे बसवणारी गाडी हवी झाली. त्याने इंजिन आडवे फिरवले आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच घातला. आधी 948 सीसी होते, ते घटवून 848 वर आणले. 26 ऑगस्ट 1959 रोजी मिनी जगापुढे आली. अश्वशक्ती सुमारे चौतीस, चाके दहा इंची.

आता कुणी या मिनीत होंडाचे 160 अश्वशक्तीचे इंजिन घालू म्हटले, तर काय होते? हल्लीच्या आडव्या इंजिनांचा गिअरबॉक्स खाली नसतो, एका टोकाला शेजारी असतो. ही रीत इटलीत दांते जाकोसा याने 1964 च्या ऑटोबियांकी प्रिमुलात आणली. साऱ्या जगाने मग जाकोसाची रीत उचलली. म्हणजे मिनीचे इंजिन उंच आणि आखूड, होंडाचे आडवे आणि लांब. ते दोन मडगार्डांच्या आतल्या पत्र्यांना भिडते, मागे डॅशखालच्या भिंतीला टेकते, पुढे नाकातून डोकावते. मग आतले पत्रे कापा, भिंतीला खळगा पाडा, नाक लांबवा, खाली नळ्यांची नवी सबफ्रेम घडवा.

चांगला कारागीर हे कसे करतो ते ऐकण्यासारखे आहे. तो आधी कापीत नाही, आधी बांधतो. दारांच्या पोकळीत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या वेल्ड करून गाडीचा सांगाडा जखडतो, जसे जुन्या वाड्याची भिंत काढण्यापूर्वी टेकू देतात. मग गाडी समपातळीत उभी करून कोपऱ्या-कोपऱ्यांतली तिरकी मापे घेतो, भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. स्पॉट वेल्डचे ठिपके एकेक करून ड्रिलने पोखरून पत्रा सोडवतो, फाडत नाही. नवा पत्रा जुन्याच जाडीचा घेतो. वेल्डिंग एका दमात करीत नाही, इकडे एक टाका, तिकडे एक टाका, कारण पत्रा तापला की वाकतो. आणि शेवटी दार लावून पाहतो. दार पूर्वीसारखेच खट्‌ करून लागले, फट सगळीकडून सारखी दिसली, तर शस्त्रक्रिया साधली. न लागले, तर रंगाचे दहा हात देऊनही ती गाडी वाकडीच.

इतके करूनही पूर्वीच्या त्या गुणपत्रिकेचा हिशेब मांडा. सांगाडा कापला, चौदातून पाच गेले, उरले नऊ. इंजिन बदलले, आठ. होंडाचे इंजिन म्हणजे गिअरबॉक्सही होंडाचा, दोन गेले, उरले सहा. नापास! अशा गाडीचा जुना नंबर जाई आणि तिच्या कपाळी क्यू हे अक्षर येई. क्यू म्हणजे जिचे वय आणि कुळ निश्चित सांगता येत नाही अशी गाडी. आमच्या शाळेच्या दाखल्यात जन्मतारखेची जागा कोरी असावी, तसे.

हौसेला अंत नसतो, याचेही एक उदाहरण. ज्याच्या नावाने 1961 पासून मिनी कूपर निघाली आणि ज्या गाडीने 1964 मध्ये माँटे कार्लोची शर्यत जिंकली, तो जॉन कूपर. त्याने एक इंजिन पुढे आणि दुसरे डिकीत, अशी दोन इंजिनांची मिनी करून पाहिली. 1963 मध्ये लंडनजवळच्या किंग्स्टन बायपासवर ती त्याच्यासकट उलटली. तो मरता मरता वाचला. मिनीचा जाणकार त्याच्याहून मोठा कोण होता?

आपल्याकडे ही मायनर बेबी हिंदुस्तान या नावाने आली होती. तिची थोरली बहीण अँबॅसडर 2014 पर्यंत बनत राहिली, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिला इसुझूचे जपानी इंजिन मिळाले. देह विलायती, काळीज जपानी, कुंकू बंगालचे. ते कारखान्याने केले, म्हणून रीतसर. मालकाने स्वतः केले तर आपला 1988 चा मोटार वाहन कायदा आडवा येतो. त्याचे कलम 52 सांगते की नोंदणी पुस्तकात निर्मात्याचे म्हणून जे तपशील नोंदले आहेत, त्यांच्याशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी (त्यांची मूळ फियाट अकराशेसुद्धा त्याच जाकोसाच्या हातची) या कायद्याच्या राज्यात पोटात गॅसवर चालण्याची सोय करून फिरल्या, कारण इंधन बदलण्याची वाट कायद्याने परवानगीनिशी ठेवली आहे. त्यासाठी कुणाला त्यांचा सांगाडा कापावा लागला नाही. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या, त्या वयोमर्यादेमुळे.

मायनरचे उत्पादन 1971 मध्ये संपले. तोपर्यंत बंपरवरचा जोड कधीच नाहीसा झाला होता. नव्या मापाचे अखंड बंपर येताच कारखान्याने जुने ठिगळ टाकून दिले. बॉनेटवरची पट्टी मात्र शेवटच्या गाडीपर्यंत राहिली. आणि आज कुणाकडे सुरुवातीची, जोडाच्या बंपरची मायनर असली, तर पाहायला येणारा जाणकार बॉनेट उघडायला सांगत नाही. तो आधी पुढे जाऊन वाकतो, बंपरच्या मध्यावर बोट फिरवतो, आणि ते चार इंच शाबूत आहेत ना ते पाहतो.