शंका घेणाऱ्या वाचकासाठी

संशोधनाला नव्याने लागलेल्या विद्यार्थ्याची संदर्भलेखनाशी ओळख बहुधा प्रबंध सादर करायच्या धांदलीत होते. स्वल्पविराम कुठे, पृष्ठांक कुठे, ‘तत्रैव’ कधी लिहायचे, एवढेच त्याच्या हाती येते आणि हे काम कारकुनीचे आहे असा समज होऊन बसतो. तो समज आधी दूर करावासा वाटतो. संदर्भ लिहायचा तो आपल्या शब्दावर विसंबून न राहणाऱ्या वाचकासाठी. आपण वापरलेल्या कागदापर्यंत त्याला पोहोचता यावे, तो स्वतः वाचता यावा आणि वाटल्यास आपले म्हणणे खोडूनही काढता यावे, ही सोय आपण त्याला करून देत असतो.

शिवजन्माच्या तिथीचे उदाहरण घ्या. बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध २, म्हणजे इ.स. १६२७, ही तिथी दीर्घकाळ मानली जात होती. पुढे भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती छापली गेली. तिच्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली. वाद बराच काळ चालला, पण तो पुढे सरकू शकला, कारण प्रत्येक पक्षाला आपला कागद दाखवावा लागत होता. ज्याने नुसते ‘१६२७’ किंवा नुसते ‘१६३०’ लिहिले, त्याच्याशी वाद तरी कसा घालणार?

हे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. शके १५५१ मध्ये नेहमीप्रमाणे ७८ मिळवले तर १६२९ येते. पण फाल्गुन उजाडेपर्यंत इसवी सनाचे वर्ष पालटलेले असते, म्हणून येथे ७९ मिळवायचे. शिवाय त्या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन गणनेतली आहे. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्चला येतो. म्हणून कागदावरची तिथी जशीच्या तशी द्यावी, रूपांतर तिच्यापुढे द्यावे आणि ते कोणत्या गणनेने केले तेही सांगावे. शुहूर, फसली, राज्याभिषेक शक या कालगणनांतून वावरणाऱ्या मराठी अभ्यासकाला यातून सुटका नाही, आणि ती असूही नये.

संदर्भ कितीही नेटका दिला तरी मूळ साधनच हरवले तर तो आंधळा होतो. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याने तळटिपा दिल्या होत्या, आधारांची नावेही दिली होती. पण ज्या हस्तलिखितांवर तो विसंबला होता, ती पाहायला गेलेल्या पुढच्या अभ्यासकांच्या हाती फारसे काही लागले नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्याच्या इतिहासावर टीका लिहिली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. त्यांचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या साऱ्या खटाटोपामागे मला एकच आच दिसते: आधाराला घर हवे. म्हणूनच ‘पेशवे दफ्तरातील एका पत्रानुसार’ असे मोघम लिहू नका. रुमाल (कागदांचे बासन) कितवा, कागद कितवा, हे दिले नाही तर वाचकाने त्या लाखो कागदांत शोधायचे कुठे?

छापील ग्रंथांचीही तीच कथा. तुकोबांच्या गाथेतला नुसता अभंगक्रमांक दिलेला संदर्भ निरुपयोगी आहे. इंदुप्रकाश प्रत आणि देहूची प्रत यांत क्रमांक जुळत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतही पाठ बदलतो. आवृत्तीचे नाव आधी, क्रमांक मागून.

काटेकोरपणा आणि नम्रता एकत्र कसे नांदतात हे पाहायचे असेल, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती एकदा उघडाच. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पुरे झाले. पानाच्या वरच्या भागात संहिता, खाली पाठभेद, आणि कोणता पाठ कोणत्या लिपीतल्या कोणत्या पोथीत आहे याच्या खुणा. तिचे संपादक वि. सी. सुकथनकर यांनी तर जिथे निवडलेला पाठ पुरेसा निश्चित वाटला नाही, तिथे त्याखाली नागमोडी रेघ दिली. आपली शंका वाचकासमोर उघडी ठेवणारी ती रेघ मला संपादनकलेतली मोठी गोष्ट वाटते.

आधार नेहमी कागदच असतो असेही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी. ‘लोकगीत’ एवढेच लिहिले की ती बाई पुसली जाते. तिचे नाव लिहिणे हाही संदर्भच, आणि त्याचा मान कोणत्याही ग्रंथकाराइतकाच.

शिकागो किंवा एमएलएसारखी संदर्भलेखनाची एकच सर्वमान्य पद्धत मराठीत अजून रुळलेली नाही. केशवसुतांची नोंद ‘के’खाली करावी की दामले म्हणून, मोडीचे लिप्यंतर करणाऱ्याचे श्रेय कुठे द्यावे, लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेची दोन्ही नावांची पुस्तके यादीत एकत्र कशी आणावीत, हे प्रश्न तुमच्या पिढीपुढे खुले आहेत. आधीच्या संपादकांनी काय केले ते पाहा, तुमची पद्धत ठरवा आणि ती ग्रंथाच्या आरंभीच वाचकाला सांगून टाका.