लगाम कोणाच्या हाती? – हौशी गाडीवानांच्या मंडळांचा इतिहास



कामगार चळवळीतला माणूस घोडागाडीच्या हौसेवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. पण घोडागाडीशी माझे नाते पुस्तकातले नाही. माझे वडील टांगा हाकीत. गावात रिक्षा आल्या, टांग्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी घोडा विकला आणि पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी अर्ज करायचे ठरवले. अर्ज मी भरला. त्यात ‘अंगी असलेले कौशल्य’ असा एक रकाना होता. “इथं काय लिहायचं रे?” असे त्यांनी विचारले. मी लिहिले, ‘काही नाही’. त्यांनी तीस वर्षे लगाम धरला होता. ही चूक मला पुढे फार वर्षांनी कळली, आणि आजच्या विषयाकडे मी वळलो तो तिच्यामुळेच.

गोष्ट इंग्लंडातली आहे. १७८४ साली जॉन पामर नावाच्या गृहस्थाने ब्रिस्टल ते लंडन अशी टपालाची जलद घोडागाडी सुरू करून दाखविली. हा प्रवास सोळा तासांवर आला. चार घोडे, दर काही मैलांवर घोड्यांची बदली, मागे शिंग फुंकणारा रक्षक आणि पुढे उंच बैठकीवर गाडीवान. पुढे रस्तेही सुधारले. या गाडीवानाचा रुबाब असा वाढला, की खानदानी तरुण त्याच्या शेजारची जागा मिळविण्यासाठी धडपडू लागले. हळूच त्याच्या हातावर नाणे ठेवावे आणि दोन-चार मैल लगाम आपल्या हाती घ्यावा, ही त्या काळची मोठी चैन होती.

या चैनीतूनच मंडळे निघाली. १८०७ साली बेन्सिंग्टन ड्रायव्हिंग क्लब आणि १८०८ साली फोर-हॉर्स क्लब स्थापन झाला. दुसऱ्या मंडळाचे सभासद लंडनहून सुमारे वीस मैलांवरच्या सॉल्ट हिल येथे आपापल्या गाड्या रांगेने हाकीत नेत, तेथे जेवत आणि परत येत. पुढच्या गाडीला मागे टाकायचे नाही आणि दुलकीपेक्षा जास्त वेग धरायचा नाही, असा नियम होता. पोशाख मात्र गाडीवानाचा. लांब डगला आणि त्याला शिंपल्याची मोठाली बटणे. ज्याला एरवी दारात उभे करायचे नाही, त्याचा वेष अंगावर मिरवायचा! हसू येते खरे. पण यात एक कबुलीही आहे. चार तोंडांचे लगाम एका डाव्या हातात पेलणे हे पैशाने विकत मिळत नाही. ते गाडीवानाकडूनच शिकावे लागते, हे त्या सरदारपुत्रांना कळले होते.

पुढे आगगाडी आली. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर आणि १८३८ साली लंडन-बर्मिंगहॅम हे लोहमार्ग सुरू झाले, आणि १८४६ च्या सुमारास लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्यांचा जमाना संपला. गाडीवान, मोतद्दार, नालबंद, खानावळवाले या साऱ्यांच्या पोटावर पाय आला. आणि नेमके त्यानंतर हौशी मंडळांना नवा बहर आला. १८५६ साली फोर-इन-हँड ड्रायव्हिंग क्लब निघाला. १८७१ पासून कोचिंग क्लबचे मेळावे हाइड पार्कमध्ये भरू लागले. जे काम म्हणून मेले, ते खेळ म्हणून जगू लागले.

या काळातला एकच प्रसंग सांगतो. लंडनहून ब्रायटनला जाऊन आठ तासांत परत येता येणार नाही, अशी पाचशेला हजार पौंडांची पैज लागली. १३ जुलै १८८८ रोजी ‘ओल्ड टाइम्स’ ही गाडी निघाली आणि ७ तास ५० मिनिटांत परत आली. लगाम कोणाच्या हाती होता? कोणा उमरावाच्या नव्हे. जेम्स सेल्बी या पोटासाठी गाडी हाकणाऱ्या माणसाच्या हाती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. वाटेत एका ठिकाणी चारही घोडे बदलायला अवघी ४७ सेकंदे लागली, असे नमूद आहे. सेल्बीचे नाव राहिले, पण ती ४७ सेकंदे ज्यांच्या हातांची, त्या मोतद्दारांची नावे आपल्याला कोण सांगणार?

त्याच लंडनमध्ये हौशी मंडळांच्या बागेबाहेर हजारो भाड्याच्या गाड्या धावत होत्या. त्यांचे गाडीवान मालकाला रोजचे ठरीव भाडे भरीत. उरेल ती त्यांची मजुरी. आजच्या भाड्याने रिक्षा चालविणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. १८९४ साली या भाड्याच्या दरावरून लंडनच्या गाडीवानांनी संप केला आणि शेवटी गृहमंत्री अ‍ॅस्क्विथ यांच्या मध्यस्थीने तो मिटला. ब्रिस्टलमध्ये सोडा-लेमनच्या बाटल्यांची घोडागाडी हाकणारा अर्नेस्ट बेव्हिन १९१० साली गाडीवानांची संघटना बांधू लागला. १९२२ साली तो वाहतूक कामगारांच्या प्रचंड युनियनचा सरचिटणीस झाला आणि १९४५ साली ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री. लगाम धरणारा हात राज्याचाही लगाम धरू शकतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

कष्टकरी गाडीवानाचा सन्मान करणारी एक प्रथाही त्या शहरात पडली. १८८५ साली ओझ्याच्या घोड्यांची मिरवणूक सुरू झाली. तिच्यात घोड्याची निगा, साजाची स्वच्छता आणि जनावराशी वागणूक पाहिली जाई. १९०४ साली हलक्या मालगाड्यांची वेगळी मिरवणूक निघाली. १९६६ साली दोन्ही एक झाल्या. वर्षभर कोळसा, दूध, बिअरची पिंपे वाहणारा माणूस त्या दिवशी पितळ घासून, आयाळ विंचरून, बायकामुलांना शेजारी बसवून निघे.

खरा बदल झाला तो १९५७ साली. त्या वर्षी ब्रिटिश ड्रायव्हिंग सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष सँडर्स वॉटनी हे बिअर गाळण्याच्या धंद्यातील नामांकित घराण्यातले. पण हे मंडळ चार घोडे बाळगणाऱ्यांपुरते राहिले नाही. एक तट्टू किंवा एखादे गाढव आणि दोन चाकांची गाडी असलेल्यालाही त्यात जागा मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवक नेमले गेले. साज कसा चढवावा, लगाम कसा धरावा, याच्या पायरीपायरीने परीक्षा ठरल्या. पुढे प्रिन्स फिलिप यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय नियम तयार झाले. १९७१ साली बुडापेस्टला युरोपीय आणि १९७२ साली म्युन्स्टरला जागतिक स्पर्धा झाली. पण मला मोल वाटते ते जिल्ह्यातल्या त्या परीक्षांचे. बापाकडून लेकाकडे तोंडी जाणारी विद्या तेथे लिहिली गेली, आणि ज्याला शिकायची इच्छा आहे त्याच्यासाठी ती खुली झाली.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ साली बंद पडली. व्हिक्टोरिया त्यानंतरही कितीतरी वर्षे चालली. अखेर समुद्रकिनारी हौशी फेऱ्यांपुरती उरली. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने या फेऱ्या बेकायदा ठरविल्या, वर्षभरात त्या बंद करण्यास आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास सांगितले. २०२१ साली विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या.

न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. डांबरी रस्त्यावर, उन्हात, अपुऱ्या खाण्यापाण्यावर घोडा उभा ठेवणे हा जुलूमच आहे. मुक्या जनावराला युनियन नसते. पण बंदीचा हुकूम निघतो तेव्हा आपण विचारतो, घोड्याचे काय? कधीमधी विचारतो, गाडीवानाच्या पोटाचे काय? त्याच्या हातातल्या विद्येचे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. इंग्लंडात ती विद्या टिकली, कारण तिच्यामागे आधी धनवंतांची हौस आणि मग सामान्यांचे मंडळ उभे राहिले. आपल्याकडे ती टांगेवाल्याबरोबर स्मशानात गेली.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्या गावात अजून एखादा जुना टांगेवाला, नालबंद किंवा साज शिवणारा चांभार असेल. या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाऊन बसा. अडलेला घोडा मारल्यावाचून कसा चालवावा, पाय दुखतो आहे हे चालीवरून कसे ओळखावे, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. त्याला पैशांचे मंडळ लागत नाही. माझ्या वडिलांना हे विचारायचे माझ्याकडून राहिले. तो रकाना मी रिकामा ठेवला असता, तरी एक वेळ चालले असते. मी त्यात ‘काही नाही’ असे लिहिले. आपण तसे लिहू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.