अनाथ

‘नाथ’ म्हणजे स्वामी, रक्षणकर्ता. संस्कृतातील ‘नाथ्’ या धातूला याचना करणे आणि सत्ता असणे असे दोन्ही अर्थ आहेत. ज्याच्याकडे मागावे तो नाथ. असा कोणी नसलेला तो अनाथ. आईबाप गेलेल्या मुलाला बोलीत ‘पोरका’ म्हणतात. ‘अनाथ’ची व्याप्ती त्याहून मोठी आहे.

पुण्यातील संस्थांच्या नावांत ही व्याप्ती दिसते. 1896 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापली, ती मुख्यतः विधवांसाठी. नाथ म्हणजे पतीही; त्यामुळे माहेरी आईवडील असलेली तरुण विधवाही ‘अनाथ’ ठरे. 1909 च्या अनाथ विद्यार्थी गृहात निराधार व गरीब मुले शिकत. तीच संस्था आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते.

संस्थांच्या नावांतून ‘अनाथ’ मागे पडला आणि ‘अनाथाश्रम’ऐवजी ‘बालगृह’ रूढ झाले. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मात्र ‘अनाथ’ला स्वतंत्र व्याख्या आहे. जन्मदाते, दत्तक आईवडील वा कायदेशीर पालक नसलेले मूल अनाथ. कायदेशीर पालक असूनही तो सांभाळण्यास तयार वा समर्थ नसेल, तरीही ते मूल अनाथच.