ऐकून शिकणारा गळा आणि देवधरांची शाळा

हिंदुस्थानी संगीतात तालीम म्हणजे गुरूने एखादी जागा गायची आणि शिष्याने ती तशीच गळ्यातून काढायची, असा समोरासमोरचा व्यवहार होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच मार्गाने. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि स्वरलेखन, म्हणजे स्वर व मात्रा चिन्हांनी लिहून ठेवण्याची पद्धत, वर्गात आणली, त्यामुळे गाणे सर्वसामान्य घरांतल्या मुलांना खुले झाले. पुढे ग्रामोफोन घरोघर पोहोचू लागला, तेव्हा या वर्गाच्या क्रमात न बसणारा, कोणी न सांगता ऐकून गाणारा मुलगाही दिसू लागला.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असल्यामुळे आलाप, बंदिश (रागात बांधलेली पदरचना) आणि ताना हे सारे गवयाला तेवढ्यातच आटोपावे लागे. असा मुलगा तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावून तानेचा वळसा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची ढब हुबेहूब उचलू शके. परंतु राग सावकाश कसा उलगडायचा आणि एखादा स्वर कोठे राखून ठेवायचा, हे त्या तीन मिनिटांत सापडणे कठीण होते.

१९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, हे याचे ठळक उदाहरण होय. नामवंत गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन सभा जिंकणारा हा बालगायक वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडे आला. देवधर पलुस्करांचे शिष्य असले, तरी त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि अनेक घराण्यांच्या गवयांचे गाणे जवळून ऐकले होते. त्यांचे खरे मोठेपण असे की, तयार नक्कल पुसून शिष्याला आरंभापासून बसवण्याऐवजी त्यांनी त्याच्या श्रवणाचे क्षेत्रच वाढवले आणि त्याला एका घराण्याच्या चौकटीत बांधले नाही. गळा आधीच तयार असलेल्या शिष्याला गाण्यामागचा विचार देणे हे काम नवख्याला स्वर शिकवण्याहून अवघड असते, कारण टाळ्या मिळवून देणारी गोष्ट त्याला बाजूला ठेवायला सांगावी लागते.

क्षयाच्या आजारात देवासला गाणे बंद असताना कुमारांनी माळव्यातली लोकगीते अशीच कान देऊन ऐकली, त्यांच्या धुनांतून नवे राग उभे केले आणि १९६५ सालच्या ‘अनूपरागविलास’मध्ये आपल्या बंदिशी स्वरलेखनासह छापल्या.