किल्ल्यातलं बिऱ्हाड

मागच्या महिन्यात पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवलं. नऊ वर्षांतलं हे पाचवं घर. खोकी अजून हॉलमध्येच आहेत, आणि रात्री उठलं की हात अजून जुन्या घरातल्या बटणाच्या जागी जातो. आईचा नगरहून रोज फोन असतो. प्रश्न एकच: "घर लागलं का रे?"

हे 'घर लागणं' म्हणजे नक्की काय? खोकी उघडली की लागतं? गॅस जोडला की? यावर विचार करताना मला आमच्या नगरचा भुईकोट किल्लाच आठवला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पण मी नगरचा, त्यामुळे सवय जायला वेळ लागेल.) मलिक अहमदानं १४९० मध्ये नगर वसवलं, चांदबीबीनं हा किल्ला मुघलांविरुद्ध लढवला, वगैरे शाळेत झालेलं असतं. मला सांगायचंय ते त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी तिथे राहायला आलेल्या बारा जणांबद्दल.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटेच धरपकड सुरू झाली आणि सगळ्यांना एका खास गाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बाकीची गाडी पुढे नगरला आली. मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, असफ अली, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. बारा रूममेट. बंगालीपासून तेलुगूपर्यंत भाषा, प्रत्येकाची खाण्याची तऱ्हा वेगळी. आणि भाडेकरार किती महिन्यांचा, हे कुणालाच माहीत नाही! सुरुवातीचे काही आठवडे ना वर्तमानपत्र, ना पत्र.

मग माणसं करतात तेच त्यांनीही केलं. दिवसाला आकार दिला.

नेहरूंनी बागकाम काढलं. जमीन दगडगोट्यांची, जुन्या पडक्या बांधकामांचा राडारोडा भरलेली. खणता खणता खाली जुन्या भिंतींचे अवशेष लागायला लागले. फार खोल खणायची अर्थातच परवानगी नव्हती, कैदी खणतोय म्हटल्यावर कोण देईल! पण त्या रुक्ष अंगणात फुलं आली. आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाचेक महिन्यांत त्यांनी हजारभर हस्तलिखित पानं लिहून काढली. तेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. पुस्तक अर्पण केलंय याच रूममेट्सना. तिथे मुक्कामाच्या तारखाही आहेत: ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५.

पण माझा जीव जडला तो आझादांवर. काँग्रेसचे अध्यक्ष, आणि इथे मात्र पहाटे उठून स्वतःच्या हातानं चहा करणारा माणूस. चहासुद्धा चिनी, जाईच्या वासाचा. त्यात दूध घालणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. (आपण सगळे गुन्हेगार!) चहा घेत ते एका मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना, उर्दूत पत्रं लिहीत. ती टाकायची सोय नव्हती, तरी लिहीत. पुढे १९४६ मध्ये त्याच पत्रांचं 'गुबार-ए-खातिर' झालं.

त्यात चिमण्यांची एक गोष्ट आहे. खोलीच्या छतात चिमण्यांची घरटी होती आणि खाली सगळा कचरा. आधी त्यांनी चिमण्यांशी युद्ध पुकारलं. हरले. मग तह केला, तांदळाचे दाणे टाकायला लागले. हळूहळू चिमण्या जवळ यायला लागल्या आणि त्यांनी त्यांना नावंही ठेवली. मला वाटतं, घर लागायला सुरुवात होते ती इथे. आपल्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांशी तह झाला की.

इथवर सगळं गोड आहे. पण याच खोलीत १९४३ च्या एप्रिलमध्ये तार आली. कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम गेल्या. आजारपण कळत होतं. सरकारला काही सांगायचं असेल तर पोचवतो, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलंही होतं. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारला 'चालते व्हा' म्हटलं, त्याच्यापुढे हात पसरायचा नाही. ऑगस्टमध्ये मुंबईला निघताना दारात घेतलेला निरोप शेवटचा ठरला.

किल्ल्याच्या त्या आवारात एक जुनी कबर होती. कुणाची, कुणाला माहीत नाही. इतके महिने ती रोज दिसत होती. पण त्या तारेनंतर तिच्याकडे पाहताना काहीतरी आपलेपणा वाटायला लागला, असं आझाद लिहितात. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्या घराला परत जायचं ते उरलं नाही, आणि त्याच दिवशी या परक्या अंगणातली एक परकी कबर आपली झाली.

किल्ला आजही लष्कराकडे आहे. त्या खोल्या स्मारक म्हणून जपल्यात. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या पुरी-भाजीवर होतं. आता जायला हवं.

माझं काय, पुणे-नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत. रात्री फोन आला तर पहाटेच्या आत पोचेन. तरी मनात तो फोन असतोच. गाव सोडलेल्या प्रत्येकाच्या मनात असतो, फक्त कुणी बोलत नाही.

असो. काल गॅलरीत पारव्यांनी काड्या आणून टाकल्या. बायको झाडू घेऊन निघाली होती. तिला म्हटलं, थांब जरा.

संध्याकाळी आईचा फोन आला. म्हटलं, "लागतंय गं, हळूहळू."