ऑटोक्रॉस

ऑटोक्रॉस हा मोटारक्रीडेचा एक हौशी प्रकार आहे. मोकळ्या फरसबंद मैदानावर शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरून स्पर्धक एकेकटे मोटार चालवतात आणि कमीत कमी वेळ नोंदवणारा विजयी ठरतो. मोटारी समोरासमोर धावत नसल्याने स्पर्धा प्रत्यक्षात घड्याळाशी असते. वेग साधारणपणे महामार्गावरील वेगाइतकाच असल्यामुळे रोजच्या वापरातील मोटारीनेही या खेळात भाग घेता येतो. विजय मोटारीच्या शक्तीपेक्षा तिच्या पकडीवर आणि चालकाच्या अचूकतेवर अधिक अवलंबून असतो.

नावाचा अर्थ सर्वत्र एक नाही. अमेरिकेत वरील प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. युरोपात मात्र याच नावाने माती वा गवताच्या मार्गावरील शर्यत ओळखली जाते. या लेखात मुख्यतः अमेरिकी प्रकाराचा विचार केला आहे.

स्वरूप व नियम

अमेरिकेत इ.स. १९४४ मध्ये स्थापन झालेली 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था 'सोलो' या नावाने हा खेळ चालवते. तिची राष्ट्रीय स्पर्धा इ.स. १९७३ पासून भरते. अलीकडच्या काळात ती नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे होत आली आहे.

एक फेरी बहुधा एक मिनिटाच्या आत संपते. स्थानिक स्पर्धेत प्रत्येकास तीन किंवा अधिक फेऱ्या मिळतात व त्यांतील सर्वोत्तम वेळ धरला जातो. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर चौकट आखलेली असते. शंकू आडवा झाला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला, तर वेळेत दोन सेकंदांची भर पडते. शंकूंचे एखादे दार चुकवल्यास ती फेरी बाद होते. आपली फेरी नसताना स्पर्धकच मैदानात उभे राहून पडलेले शंकू उचलतात.

मोटारींचे वर्ग त्यांच्यातील बदलांच्या प्रमाणानुसार ठरतात. 'स्ट्रीट' वर्गात शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकपॅड यांसारखे मोजकेच भाग बदलता येतात. स्प्रिंगा मूळच्याच ठेवाव्या लागतात. त्यामुळे एखादा भाग विकत घेण्यापूर्वी नियमपुस्तिका वाचणे आवश्यक असते. एका चुकीच्या भागामुळे मोटार अधिक कठीण वर्गात जाऊ शकते.

मूलभूत तत्त्वे

टायरची पकड मर्यादित असते. ती ब्रेक, प्रवेग आणि वळण या तिन्ही कामांत वाटली जाते. सर्व पकड ब्रेकसाठी खर्च झाली, तर वळण्यासाठी काहीच उरत नाही. वळणातील कमाल वेग त्रिज्येवर अवलंबून असतो. गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट पार्श्वत्वरण सहन करणारी मोटार २० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने जाऊ शकते. हीच त्रिज्या २२ मीटर केल्यास वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो.

वळताना भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. मोटारीचे वजन १,००० किलो, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर १.४५ मीटर असल्यास, वरील पार्श्वत्वरणाला सुमारे ३१० किलो भार एका बाजूकडून दुसरीकडे जातो. भार वाढतो त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही. म्हणून भाराची असमान विभागणी जितकी जास्त, तितकी एकूण पकड कमी.

मोटारीची सिद्धता

टायर : सर्वाधिक फरक टायरमुळे पडतो. हवेचा दाब ठरवण्यासाठी टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा ओढण्याची सोपी पद्धत रूढ आहे. फेरीनंतर खडू टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला गेला असेल, तर टायर दुमडत आहे व दाब वाढवावा. खांद्यावरचा खडूही शिल्लक असेल, तर दाब कमी करावा. टायर तापला की दाब वाढतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर दाब मोजून त्याची नोंद ठेवली जाते.

चाकांची मांडणी : चाकांचा वरचा भाग किंचित आत झुकवल्यास वळणात मोटार कलंडली तरी बाहेरचा टायर जमिनीवर सपाट टेकतो. पुढची चाके अग्रभागी किंचित बाहेरच्या दिशेने वळवून ठेवल्यास मोटार चटकन वळते. मात्र अशी मोटार रोजच्या रस्त्यावर वापरल्यास सरळ धावताना ती अस्थिर वाटते आणि टायरची आतली कड लवकर झिजते.

अँटी-रोल बार : पुढच्या चाकांनी चालणारी बहुतेक वाहने मर्यादेवर पुढून घसरतात, यास अंडरस्टीअर म्हणतात. मागचा बार अधिक कडक केल्यास हा दोष कमी होतो. तो प्रमाणाबाहेर कडक केल्यास मागचा भाग निसटू लागतो. एका वेळी एकच बदल करावा, हा सर्वमान्य नियम आहे. अन्यथा परिणाम कोणत्या बदलाचा हे कळत नाही.

चालनतंत्र

मार्गाची पाहणी : स्पर्धेपूर्वी मार्गावरून पायी फिरण्याची मुभा असते. अनुभवी चालक पहिल्या फेरफटक्यात मार्ग पाठ करतात आणि नंतरच्या फेरफटक्यांत ब्रेकची व वळण्याची ठिकाणे निश्चित करतात. डोळ्यांची उंची चालकाच्या आसनाइतकी करून पाहिल्यास शंकूंची रांग प्रत्यक्षात कशी दिसेल, हे कळते.

दृष्टी : नवा चालक समोरच्या शंकूकडे पाहतो आणि त्यावरच आदळतो. नजर नेहमी पुढच्या, किंबहुना त्याच्याही पुढच्या वळणावर ठेवावी लागते.

नागमोडी रांग : सरळ रेषेतील शंकूंमधून नागमोडी जाण्याला स्लॅलम म्हणतात. येथे उशीर हाच मुख्य शत्रू असतो. शंकूपाशी पोहोचेपर्यंत मोटार पुढच्या दिशेला वळू लागलेली असावी. एका शंकूला झालेला उशीर पुढच्या प्रत्येक शंकूला वाढत जातो आणि अखेरीस वेग कमी करावाच लागतो.

ब्रेक व सुकाणू : ब्रेक एकदाच आणि ठामपणे दाबावा व वळणात शिरताना हळूहळू सोडावा. पुढची चाके घसरू लागल्यावर सुकाणूचक्र आणखी फिरवणे ही सर्वांत सामान्य चूक होय; त्याने पकड आणखी घटते. चक्र थोडे सैल सोडल्यास पकड परत येते.

वेळ कोठे जातो : १० मीटर अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाने कापण्यास ०.९ सेकंद लागतात, तर ताशी ८० ला ०.४५ सेकंद. म्हणजे बहुतांश वेळ मंद भागांत खर्च होतो. तेथे अंतर कमी ठेवणे आणि ज्या वळणानंतर लांब सरळ भाग आहे, तेथून लवकर प्रवेग घेणे फायद्याचे ठरते.

सुधारणेचा क्रम

नवख्या चालकाच्या वेळेतील मोठी तूट बहुधा मोटारीमुळे नसून चालनामुळे असते. त्याच मोटारीत अनुभवी चालकाने फेरी घेतली की हे लगेच स्पष्ट होते. म्हणून आधी चांगले टायर व भरपूर फेऱ्या, मग चाकांची मांडणी आणि सर्वांत शेवटी महागडे भाग, असा क्रम सुचवला जातो. जाणकाराला शेजारी बसवणे आणि फेरीचे चित्रण पाहणे ही कमी खर्चाची साधने आहेत.

सुरक्षितता

हेल्मेट व सीटबेल्ट अनिवार्य असतात. स्पर्धेपूर्वी चाकांचे नट, बॅटरीची बांधणी आणि ब्रेक तपासले जातात. मोटारीतील सुटे सामान बाहेर काढावे लागते. लाल निशाण दिसताच थांबणे बंधनकारक असते. वेगाची हौस सार्वजनिक रस्त्यावर भागवणे बेकायदेशीर असून इतरांच्या जिवावर बेतते. बंदिस्त मैदानावर मात्र चूक झाली तर बहुधा शंकूच पडतो आणि शिक्षा दोन सेकंदांची असते. या खेळाचे सामाजिक महत्त्व यातच आहे.

भारतातील स्थिती

भारतात मोटारक्रीडेचे नियमन 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' ही संस्था करते. येथे ऑटोक्रॉस स्पर्धा मातीच्या मार्गावरही भरवल्या जातात. मातीवर पकड कमी असते व ती प्रत्येक फेरीगणिक बदलते. त्यामुळे टायरची निवड व ब्रेकची ठिकाणे फरसबंद मैदानापेक्षा वेगळी असतात. नजर पुढे ठेवणे आणि भार हळुवारपणे हलवणे ही तत्त्वे मात्र तीच राहतात.