नव्या सायकलची कुरकुर

नव्या वस्तूनें आवाज करणें हें आमच्याकडे एके काळीं भूषण मानलें जात असे. कोल्हापुरी वहाण चालतांना करकर वाजली नाहीं तर ती घेणाऱ्याचा हिरमोड होई. इतकेंच नव्हे, तर ती वाजावी म्हणून कारागीर तिच्या तळांत मुद्दाम 'विंचू' घालीत, आणि वहाणेचा धनी गल्लीच्या तोंडाशीं आला आहे हें घरांतल्या माणसांस त्या आवाजावरूनच कळे. परंतु हा मान वहाणेपुरताच होता. बैलगाडीचा आंस कुरकुरूं लागला कीं गाडीवानास लाज वाटे, आणि तो वंगणाचा नळा शोधूं लागे. पायांतली वस्तु वाजावी आणि चाकाची वस्तु वाजूं नये, असा हा आपला जुना न्याय आहे.

गेल्या वर्षीं आम्हीं एक नवी सायकल घेतली तेव्हांपासून या न्यायाची आठवण आम्हांस वारंवार होत आहे. सायकल शर्यतीच्या घाटाची होती. सांगाडा कार्बनचा, वजन आठ किलोच्या आंतबाहेर, आणि किंमत अशी कीं ती घरांत सांगतांना आम्हीं एक शून्य गिळलें. पहिले सहा आठवडे ती मांजराच्या पावलांनीं चालली. मग एका सकाळीं सिंहगडाचा चढ सुरू होतांच डाव्या पायाखालून 'कर्र' असा बारीक आवाज आला. पुढच्या फेऱ्याला पुन्हां आला. सपाटीवर कांहीं नाहीं. उभें राहून जोर लावला कीं मात्र दर फेऱ्याला एकदां, तालाला धरून.

आम्ही सायकल दुकानांत नेली. पहिल्या खेपेस "नवी आहे, बसेल" असें उत्तर मिळालें. दुसऱ्या खेपेस खोगिराच्या दांड्यांस ग्रीस लागलें, तिसऱ्या खेपेस पायडलें काढून पुन्हां बसविलीं गेलीं. चौथ्या खेपेस जें ऐकावें लागलें तें मात्र आमच्या मनाला लागलें. "काका, कार्बनची आहे, ती वाजणारच. तुम्ही लक्ष देऊं नका." रात्रीं गळक्या नळाचा थेंब ऐकत ज्यानें कूस बदलली आहे त्यास या उपदेशाची किंमत कळेल. शिवाय प्रश्न केवळ कानाचा नव्हता. जो सांगाडा चढावर कण्हतो त्याच्यावरच जीव टाकून उतार उतरावयाचा असतो. आंत कांहीं तडकत तर नाहीं ना, ही शंका एकदां शिरली कीं वळणावर ब्रेकवरचीं बोटें आपोआप आवळतात. तेव्हां हा आवाज येतो कोठून, आणि एवढ्या महागड्या यंत्रांत तो राहिला कसा, हें पाहण्यासाठीं आम्ही सायकलच्या इतिहासांत शिरलों. तेथें जें आढळलें तें आमच्या एकट्याच्या तक्रारीहून बरेंच मोठें होतें.

सायकल जन्मतः मुकी नव्हती. १२ जून १८१७ रोजीं जर्मनींतील मानहाइम शहरांतून कार्ल फॉन ड्राइस यानें जें दुचाकी यंत्र बाहेर काढलें तें लांकडी होतें, त्याला पायडल नव्हतें, आणि स्वार दोन्ही पायांनीं जमीन मागें ढकलीत जाई. पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें मिशो यांच्या कारखान्यानें पुढच्या चाकालाच पायडलें लावलीं. चाकें लांकडाचीं व त्यांवर बैलगाडीप्रमाणें लोखंडी धाव. फरसबंदी रस्त्यावरून तें यंत्र जाऊं लागलें म्हणजे काय होत असेल याची कल्पना इंग्रजांनीं त्याला दिलेल्या नांवावरून यावी. ते त्यास 'हाडें खिळखिळीं करणारें' म्हणत. अशा खडखडाटांत एखादा सांधा कुरकुरला असेल तर तो कोणास ऐकूं जाणार?

शांतता हप्त्याहप्त्यानें आली. १८६९ मध्यें पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यानें आंसाभोंवतीं पोलादी छर्रे बसविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जेम्स मूर यानें पॅरिस ते रूआं ही सुमारें १२३ किलोमीटरांची शर्यत जिंकून छर्‍यांचा बोलबाला केला. १८८० मध्यें मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड यानें रुळांची साखळी काढली. १८८५ मध्यें कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली याची 'रोव्हर' आली, आणि दोन सारखीं चाकें व मागच्या चाकाला साखळी हें आपल्या परिचयाचें रूप स्थिर झालें. शेवटचा हप्ता १८८८ चा. धंद्यानें गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यानें बेलफास्टमध्यें आपल्या मुलाच्या तिचाकीला हवेच्या रबरी धावा चढविल्या, आणि रस्त्याचा आवाज जवळजवळ नाहींसा झाला. आमच्या मतें सायकलच्या कुरकुरीचा जन्म याच वर्षीं झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. तोंपर्यंत ती वाजत नव्हती असें नव्हे. ती ऐकूं येईल इतकी शांतता तोंपर्यंत कधीं झालीच नव्हती.

आतां मूळ सांध्याकडे वळूं. दोन्ही पायडलांचे दांडे ज्या आंसाला जोडलेले असतात तो आंस सांगाड्याच्या अगदीं तळाशीं एका आडव्या नळकांड्यांतून जातो. याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, आणि आपले सायकलवाले नुसतें 'बीबी' म्हणून मोकळे होतात. स्वाराच्या पायांचा सर्व जोर येथें येतो, आणि तोही सरळ न येतां एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून हिसके देत येतो. मिनिटास ऐंशी फेरे धरले तर तासाला चार हजार आठशें फेरे, म्हणजे नऊ हजार सहाशें हिसके झाले. नळकांड्यांतल्या वाट्या केंसाच्या अंशाइतक्या जरी हलल्या तरी इतक्या वेळां हलणार.

जुन्या कारागिरांनीं यावर जो तोडगा काढला तो आट्यांचा. पोलादी नळकांड्यांत आंतून आटे पाडावयाचे व छर्‍यांच्या वाट्या पान्यानें आवळून बसवावयाच्या. इंग्रजी पद्धतींत या आट्यांचा व्यास १.३७ इंच व इंचाला २४ आटे असें माप ठरलें, आणि बंदुका करतां करतां सायकलींकडे वळलेल्या बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याचें नांव त्याला कायमचें चिकटलें. यांतली खरी चतुराई उजव्या वाटीत आहे. तिचे आटे उलटे असतात. फिरणाऱ्या छर्‍यांच्या दाबाखालीं उजवी वाटी हळूहळू आंसाच्या उलट दिशेनें सरकूं पाहते. आटे सुलटे असते तर ती सुटली असती, उलटे असल्यामुळें ती अधिकच आवळली जाते. जो जोर सांधा ढिला करावयाचा त्याच्याकडूनच तो घट्ट करून घ्यावयाचा, असा हा प्रकार आहे. इटालियनांनीं मात्र आपली चाल वेगळी ठेवली. त्यांचें माप ३६ मिलिमीटर व दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. म्हणून त्यांच्या उजव्या वाटीकडे मिस्त्रीला जरा जास्त लक्ष द्यावें लागे.

आपल्याकडच्या काळ्या सायकलीही याच इंग्रजी वळणावर घडल्या. प्रथम त्या विलायतेहून येत. १९४९ मध्यें मद्रासेस टी. आय. सायकल्स हा कारखाना निघाला आणि पुढें देशांतच त्यांचें अमाप पीक आलें. ज्यांचें बाळपण अशा सायकलच्या दांडीवर बसून गेलें आहे त्यांस एक आवाज आठवेल. पायडलचा दांडा आंसावर बसविणारी कॉटर पिन ढिली झाली म्हणजे दर फेऱ्याला 'टक्' असें होई. चौकांतला मिस्त्री तो दुरूनच ऐके, जुनी पिन हातोडीनें उडवी, नवी ठोकी, आणि गिऱ्हाइकाचा चहा होण्याच्या आंत काम संपे. आवाज होता, पण त्याचा पत्ता ठाऊक होता. युरोपांत १९३३ च्या सुमारास फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटनें चौकोनी निमुळत्या आंसाची रीत आणून ही पिनही काढून टाकली. तेथून पुढें साठपासष्ट वर्षें हा सांधा चांगल्या सायकलींत बहुधा मुकाच राहिला.

मग मोडता कोणी घातला? एका शब्दांत उत्तर द्यावयाचें तर वजनानें. २००० सालीं अमेरिकेंतील कॅननडेल या कारखान्यानें आटे अजीबात काढून टाकले. नळकांडें ४२ मिलिमीटर व्यासाचें करावयाचें, ३० मिलिमीटरचा जाड पण पोकळ ॲल्युमिनियमचा आंस घ्यावयाचा, आणि बेअरिंगें दाबयंत्रानें सरळ आंत दाबून बसवावयाचीं. आंस ताठ झाला, वजन घटलें. २००६ मध्यें ही पद्धत सर्वांस खुली झाली व तिला पोटजातींचीं पिलें झालीं: कोणाचें नळकांडें ४१ मिलिमीटरचें, कोणाचें ४६ चें, कोणी बेअरिंगें नायलॉनच्या वाटींत घालून ती वाटी दाबली, तर ट्रेकसारख्यांनीं तीं कार्बनच्याच खोबणींत बसविलीं. कार्बन येथें महत्त्वाचा. त्याच्या तंतूंत आटे पाडतां येत नाहींत. पाडूं गेल्यास तंतूच तुटतात. आट्यांसाठीं धातूचें वेगळें नळकांडें आंत चिकटवावें लागे, आणि दाबून बसविण्याच्या पद्धतींत तें वांचलें. कारखान्याचें काम उरकूं लागलें, सायकल कांहीं ग्रॅमांनीं हलकी झाली, आणि जाहिरातींत त्या ग्रॅमांचा हिशेब चढला.

कागदावर या पद्धतींत खोट काढतां येत नाहीं. परंतु तिला एक अट आहे: नळकांडें पूर्ण गोल पाहिजे, दोन्ही तोंडें एका रेषेंत पाहिजेत, आणि मापांतली चूक मिलिमीटरच्या शतांशांत राहिली पाहिजे. आटे ही दयाळू चीज आहे; थोडी चूक असली तरी पान्याचा एक आवळा तिला पोटांत घालतो. नुसत्या दाबाला अशी माया नाहीं. साच्यांतून निघालेलें नळकांडें किंचित् लंबगोल असलें कीं वाटी जोराखालीं सरकते, अडते, पुन्हां सरकते, आणि या अडखळण्यांतून नाद उत्पन्न होतो. सारंगीची तार गजाखालीं बोलते ती याच न्यायानें, आणि वाड्याच्या दाराची बिजागरी करकरते तीही. त्यांत कार्बनचा सांगाडा पातळ भिंतींचा व मोठ्या पोकळीचा. जुनी पोलादी नळी बाहेरून इंच-सव्वा इंचच भरे; हा तर तंबोऱ्याचा भोपळाच. आंत कोठेंही केंसभर हालचाल झाली कीं सारी सायकल ती मोठ्यानें सांगते.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा भोपळा सांगतो मोठ्यानें, पण पत्ता खोटा देतो. खोगिराची नळी, हँडलचा आवळ, मागच्या चाकाचा आंस, दांत्याच्या चक्राचे बोल्ट, एकमेकींवरून जाणाऱ्या तारा, यांपैकीं कोणीही कुरकुरला तरी स्वारास आवाज पायाखालून आल्यासारखाच वाटतो. तेव्हां बीबीच्या नांवावर दुसऱ्यांचीं पुष्कळ पापें जमा झालीं असतील, आणि आमच्या दुकानदारानें आधीं खोगीर पाहिलें यांत त्याची चूक नव्हती. त्याची चूक एवढीच कीं त्यानें शोध तेथें थांबविला आणि दोष आमच्या कानाला दिला. तसें करणारा तो एकटा नव्हता. आटे पाडण्याचा खर्च कारखान्याच्या पदरीं होता. कुरकुरीचा खर्च गिऱ्हाइकाच्या पदरीं पडला, आणि जो खर्च आपल्या वहींत चढत नाहीं तो कमी करण्याची घाई कोणास असते?

तरी पण कुरकूर करणाऱ्यांची कुरकुर अखेर फळली. प्रथम लहान कारखान्यांनीं दोन वाट्या दोन्ही बाजूंनीं घालून त्या आंतल्या आंत एकमेकींत आट्यांनीं पिळून बसविण्याची तोड काढली. २०१५ मध्यें अमेरिकेंत टी ४७ नांवाचें माप निघालें: जाड आंसाला जागा देणारें ४७ मिलिमीटरचें नळकांडें, पण आटे पाडलेलें. ट्रेकनें २०१९ पासून आपल्या शर्यतीच्या सायकलींत तें आणण्यास आरंभ केला. २०२० मध्यें स्पेशलाइज्डनें आपल्या टार्मॅकला पुन्हां तेच जुने इंग्रजी आटे दिले, आणि २०२३ मध्यें खुद्द कॅननडेलची सुपरसिक्सही त्याच वाटेनें परतली. इटलीचा पिनारेलो या सर्व काळांत आपल्या सर्वोत्तम सायकलींत इटालियन आटेच वापरीत राहिला होता. जगज्जेत्यांच्या पायांखालीं तो सांधा ताठ राहिला, हें पाहतां आटे काढल्यावांचून ताठपणा येत नाहीं हा युक्तिवाद आम्हांस कधींच पटला नाहीं. दाबून बसविलेले सांधे आजही निघतात, आणि नेमक्या मापाचे असले तर मुके राहतात, हेंही खरें.

आमची सायकल अर्थात् परतलेल्यांपैकीं नव्हती. शेवटीं ती आम्हीं काळ्या सायकली दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें मुलाला पायडलावर उभें केलें, एका लांब पेचकसाचें टोंक सांगाड्याला टेकविलें व मुठीचें टोंक कानाला लावलें. खोगिराची नळी, हँडल, मागचा आंस असें करीत तो खालीं आला आणि म्हणाला, "इथंच आहे, साहेब. आटे असते तर अर्ध्या तासांत दिली असती." वाटी काढण्यास मोठे ठोके लागावयाचे; ती दोन हलक्या टिचक्यांत हातांत आली. त्यानें दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटानें पुसले, फटींत जाऊन कठीण होणारा एक द्रव लावला, वाटी दाबून बसविली, आणि एक दिवस सायकलला हात लावूं दिला नाहीं.

त्यास आतां पांच महिने झाले. आवाज नाहीं. पण चढ लागला कीं पहिले चार फेरे आम्ही अजून कान देऊन मारतों, आणि पावसाळा अद्याप यावयाचा आहे.